आधी पूल मोजा, मग बार्ज आखा

युरोपच्या कालव्यांवर स्वतःच्या बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या नौकेतून, फिरायचं असं ज्यांच्या मनात येतं, त्यांच्या वहीचं पहिलं पान बहुतेक सारखंच असतं. दिवाणखाना इतका, ओटा तसा, एक डबल बेड, वर चहा प्यायला जागा. मग हे सगळं मावेल असा लोखंडी डबा आखायला घेतला जातो. हा क्रम उलटा आहे. बार्जचं खरं डिझाइन दीडशे-तीनशे वर्षांपूर्वी लॉक (पाणी भरून-सोडून नौकेला वर-खाली करणारे दारांचे हौद) आणि पूल बांधणाऱ्यांनी करून ठेवलंय. त्यांनी सोडलेल्या जागेत तुम्हाला बसायचंय. म्हणून आधी पाणी आणि पूल, मग वजन, मग इंजिन. सोफा सगळ्यात शेवटी.

इथे मी पंधरा ते वीस मीटर लांबीच्या, पोलादी, राहण्याजोग्या बार्जबद्दल लिहितोय. गोव्यात मांडवी-झुआरीवरच्या खनिजाच्या बार्ज पाहिलेल्यांना ही खेळण्यातली वाटेल, पण दोघांचं कुटुंब आणि अधूनमधून येणारे पाहुणे यांना ती पुरून उरते.

पायरी १ : नकाशा घ्या आणि सर्वांत अरुंद जागा शोधा

फ्रान्सचे सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी १८७९ मध्ये कायदा करून मुख्य कालव्यांसाठी एकच माप ठरवलं : लॉक ३९ मीटर लांब आणि ५.२० मीटर रुंद, पुलाखाली ३.७० मीटर मोकळीक, आणि १.८० मीटर बुडणारी नौका जाईल इतकं पाणी. आजही फ्रान्समधलं आणि बेल्जियममधलं बरंचसं जाळं याच मापाचं आहे. ३८.५० मीटरची 'पेनिश' ही मालवाहू बार्ज त्या लॉकमध्ये बोटभर जागा ठेवून बसते. आपली पंधरा मीटरची नौका तिथे सहज मावते, त्यामुळे नवख्याला वाटतं, झालं, प्रश्न मिटला.

प्रश्न सुरू होतो तो निसर्गरम्य कालव्यांवर, आणि आपल्याला जायचं असतं नेमकं तिथेच. बुर्गोन्य कालव्यावर १८९ लॉक आहेत आणि माथ्यावर पुयी-आं-ओक्सुआचा ३.३ किलोमीटरचा बोगदा. त्यात उंची साधारण ३.१० मीटरच मिळते. निव्हर्ने कालव्याच्या काही भागात ती २.७० मीटरवर येते. ब्रिटनीचे कालवे त्याहून ठेंगणे आहेत. तिथे अडीच मीटर धरून चाला, आणि लॉकची रुंदीही साडेचार मीटरच्या जरा वर एवढीच.

दक्षिणेचा कनाल दु मिदी हे वेगळंच प्रकरण आहे. पिएर-पॉल रिके यांनी १६६६ ते १६८१ या काळात तो खोदून घेतला. त्याचे पूल दगडी कमानींचे, त्यामुळे मध्यभागी सव्वातीन मीटर मिळाले तरी कडेला उंची झपाट्याने उतरते. कापेस्तां गावचा पूल यासाठी बदनाम आहे. इथे नौकेची कमाल उंची फसवी ठरते, छपराचे दोन कोपरे अडकतात. म्हणून व्हीलहाउसच्या, म्हणजे सुकाणूच्या केबिनच्या, भिंती वर जाताना आत झुकवायच्या आणि कागदावर नौकेचा आडवा छेद काढून त्यावर कमान ठेवून पाहायची. पुठ्ठ्याची कमान कापून त्या छेदावर सरकवली तरी चालते. संगणकाचा हट्ट नाही.

माझं मत विचाराल तर हे लक्ष्य ठेवा : केबिन दुमडल्यावर पाण्यावरची उंची २.५० मीटरच्या आत, पाण्याखालचा भाग एक मीटरच्या आत, रुंदी ३.६० ते ४.२० मीटरमध्ये. १.८० मीटर हे सरकारी माप आहे. गाळ साचलेल्या कालव्यात, उन्हाळ्याच्या शेवटी, कडेला खुंटी ठोकून मुक्काम करताना ते माप कामाला येत नाही.

इंग्लंडमधली सात फुटी नॅरोबोट डोक्यात असेल तर ती तिथेच राहू द्या. युरोपच्या मुख्य भूमीवर एवढं अरुंद होण्याचं कारण नाही, आणि मोठ्या नद्यांवर मालवाहू जहाजांच्या लाटांत ती फार डोलते.

पायरी २ : लांबीचे कायदे, मग लांबी

लांबी ठरवताना चार आकडे समोर ठेवा.

१५ मीटर. नेदरलँड्समध्ये १५ मीटर आणि त्याहून लांब सहल-नौका चालवायला 'क्लैन फारबेवैस' हा परवाना लागतो. १४.९५ मीटरच्या इतक्या बार्ज बाजारात का दिसतात, याचं उत्तर यात आहे. लहान बंदरांत जागाही १५ मीटरपर्यंत सोपी मिळते.

२० मीटर. इथून पुढे युरोपीय संघाचा २०१६/१६२९ हा निर्देश लागू होतो. म्हणजे व्यावसायिक जहाजांच्या पठडीतली तपासणी, जलरोधक आडव्या भिंतींचे नियम, ठरावीक वर्षांनी नूतनीकरण. फ्रान्समध्ये चालवण्याचा परवानाही वेगळा.

१०० घनमीटर. हा आकडा नवख्यांना कुणी सांगत नाही. लांबी, रुंदी आणि कमाल बुडणारी खोली यांचा गुणाकार १०० किंवा अधिक झाला, तर २० मीटरच्या आत असूनही तुम्ही त्याच निर्देशात जाता. १९.९० × ४.३० × १.२० करून पाहा : १०२ च्या वर. खोली एक मीटरवर आणली की ८५ वर येतो आणि सुटका होते.

२४ मीटर. इथपर्यंत सहल-नौकांचा २०१३/५३ हा निर्देश आणि सीई चिन्ह (युरोपच्या बाजारात विकायला लागणारी खूण). स्वतःच्या वापरासाठी स्वतः बांधलेल्या नौकेला यातून सूट आहे, पण पाण्यात उतरवल्यापासून पाच वर्षांच्या आत ती विकायची नाही. विकलीत, तर बांधून झालेल्या नौकेचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, आणि तेव्हा कुणी तारांची आणि वेल्डिंगची कागदपत्रं मागितली की पंचाईत. म्हणून सूट असली तरी काम नियमाप्रमाणेच करा, फोटो काढा, बिलं जपा. त्याच निर्देशात नौकांचे ए ते डी वर्ग आहेत. डी म्हणजे आडोशाचं पाणी, सी म्हणजे बोफोर्ट या वाऱ्याच्या मापात सहापर्यंत वारा आणि दोन मीटर लाट. नेदरलँड्सचं आयसलमेअर किंवा फ्रान्सच्या दक्षिणेचं थो सरोवर ओलांडायचं असेल तर सी वर्गाच्या हिशेबाने आखा.

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांसाठी एक कडवट आकडा आणखी आहे : कुठल्याही १८० दिवसांत शेंगेनमध्ये ९० दिवस. तेवढ्यात बार्ज बांधूनही होत नाही आणि नीट फिरूनही होत नाही. नेदरलँड्स, जर्मनीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना ही अडचण नाही. पुण्याहून निवृत्तीनंतर येऊ पाहणाऱ्यांनी दीर्घ मुदतीच्या व्हिसाचं आधी पाहावं, पोलादाचं नंतर.

पायरी ३ : आठवडाभर भाड्याची बोट

फ्रान्समध्ये भाड्याच्या कालवा-बोटीला परवाना लागत नाही. कंपनी थोडं शिकवून तात्पुरतं कार्ड देते. एक आठवडा घ्या, तोही मे किंवा ऑक्टोबरमध्ये, पावसाची शक्यता धरून. लॉकमध्ये दोर कुठे अडकवावा लागतो, डेकवरून चालताना पाय कुठे ठेचतो, बाहेरून आत यायला किती पायऱ्या, हे सगळं मोजपट्टीने टिपा.

पायरी ४ : वजनाचा ताळेबंद

हा भाग सावकाश वाचा. बार्ज बिघडते ती इथे.

उदाहरण घेऊ : लांबी १५ मीटर, रुंदी ३.८० मीटर, बुडणारा भाग ०.७५ मीटर. पूर्ण चौकोनी खोकं असतं तर ४२.७५ घनमीटर पाणी सरकलं असतं. नाळ, म्हणजे पुढचं टोक, निमुळती, मागचा भाग पंख्याकडे (प्रोपेलरकडे) वर उचललेला, म्हणून त्याच्या पाऊण पट धरा : ३२ घनमीटर. गोड्या पाण्यात म्हणजे ३२ टन. याचा अर्थ, ठरवलेल्या रेषेपर्यंत बुडायला नौकेचं सगळं मिळून वजन ३२ टन हवं.

आता खरं वजन. पोलादाचा एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीचा पत्रा ७.८५ किलो भरतो. तळ ५० चौरस मीटर, १० मिमी : जवळपास ४ टन. बाजू ६ मिमी : सव्वादोन टन. डेक आणि वरचं बांधकाम ४-५ मिमी : अडीच टन. फ्रेम, स्टिफनर, इंजिनाचा पाया, खुंट, कठडे : आणखी अडीच-तीन टन. झाले साधारण ११-१२ टन. इंजिन, लाकूडकाम, फर्निचर, काचा, बॅटऱ्या, भरलेल्या टाक्या मिळून अजून तेवढेच. एकूण २४ टनांच्या आसपास.

म्हणजे आठ टन कमी पडले. नवख्याला जड होण्याची धास्ती असते, आणि प्रत्यक्षात नौका हलकी होते. हलकी नौका वर तरंगते, पंखा अर्धा हवेत येतो, वाऱ्यावर ती भरकटते आणि ज्या पुलाखालून जायचं त्याला तिचं डोकं लागतं. ही तूट तळाशी भार टाकून भरायची. लोखंडाचे तुकडे किंवा काँक्रीटचे पेव्हर पट्ट्यांवर सुटे मांडा. आठ टन पेव्हर तळभर पसरले तर थर सात-आठ सेंटीमीटरचा होतो, फळ्यांच्या जमिनीखाली सहज मावतो. काँक्रीट ओतू मात्र नका. पुढे तळाचा पत्रा गंजला तर तो दिसणारही नाही आणि दुरुस्तही करता येणार नाही. आणि सगळा भार पहिल्याच दिवशी टाकू नका. तीन-चतुर्थांश टाकून पाण्यात उतरवा, कल कुठे आहे ते पाहा, मग उरलेल्याने तोल साधा.

या आकाराची नौका एक सेंटीमीटर बुडायला सुमारे अर्धा टन लागतो. १००० लिटर पाणी आणि ८०० लिटर डिझेल संपलं की ती सव्वातीन सेंटीमीटरहून अधिक वर येते. अवघड पूल यायच्या आधल्या दिवशी टाकी भरून घेणारे लोक याच हिशेबाने चालतात.

आता उभा हिशेब. तळापासून जमीन २५ सेंमी, उभं राहायला २ मीटर, छप्पर आणि उष्णतारोधक थर १० सेंमी : २.३५ मीटर. त्यातून बुडालेले ७५ वजा. दिवाणखाना पाण्यावर फक्त १.६० मीटर. छान. पण सुकाणूची केबिन इंजिनच्या डोक्यावर बसते. तिची जमीन तळापासून १.३० मीटरवर, वर २ मीटर, छप्पर १० सेंमी, वजा ७५ : २.६५ मीटर. निव्हर्नेला जेमतेम, ब्रिटनीला नाहीच. म्हणून केबिनच्या भिंती बिजागरीवर दुमडणाऱ्या करा, आणि तेही दोन माणसांना पावसात दहा मिनिटांत जमेल असं. चार जणांची गरज लागणारी केबिन कुणी दुमडत नाही, आणि मग तो कालवा आयुष्यभर राहून जातो. छपरावर सोलर पॅनेल, सायकली, कुंड्या ठेवणार असाल तर त्यांची उंचीही याच वहीत लिहा.

पायरी ५ : आराखडा कुणाकडून, कलेवर कुणाकडून

तळाचा आकार आणि स्थिरतेचं गणित नौका-आरेखकाकडून करून घ्या. इथे पैसे वाचवू नका. त्यानंतर तीन वाटा आहेत. पूर्ण तयार बार्ज, वेल्ड केलेलं रिकामं कलेवर, म्हणजे नौकेचं नुसतं पोलादी कवच (डच लोक त्याला 'कास्को' म्हणतात), किंवा पत्रे कापून आणून स्वतः वेल्डिंग. पहिल्यांदा बांधणाऱ्याने कास्को घ्यावं, असं मला वाटतं. आतलं काम दोन वर्षं रेंगाळलं तरी बिघडत नाही, पण तळाची शिवण चुकली तर सुतारकाम कितीही सुबक असून उपयोग नाही. मात्र कास्को म्हणजे एकूण खर्चाचा निम्मा भागही नसतो, हे घरात आधीच सांगून ठेवा.

चौथी वाट जुन्या डच मालवाहू नौकेची, लक्समोटर किंवा च्याल्क. देखणी असतात, त्यात वाद नाही. पण घेण्याआधी पाण्याबाहेर काढून अल्ट्रासोनिक यंत्राने पत्र्याची जाडी मोजून घ्या. विमा कंपन्या सहसा चार मिलिमीटर मागतात.

पायरी ६ : पोलाद जोडताना

कारखान्यात कुणाला काम देत असाल तरी हे ठाऊक असू द्या, म्हणजे पाहायला गेल्यावर नजर कुठे टाकायची ते कळेल.

सगळं कलेवर आधी टॅकवर, म्हणजे वेल्डच्या तात्पुरत्या ठिपक्यांवर, उभं करायचं, मोजायचं, आणि मगच पूर्ण वेल्डिंग. तेही एका टोकाकडून दुसऱ्याकडे नव्हे. मध्यापासून बाहेर, डावं-उजवं आलटून-पालटून, छोट्या टप्प्यांत. नाहीतर उष्णतेने पत्रा ओढला जातो, आणि बाजूंवर उन्हात दिसणाऱ्या पोकळ्या कुठल्याही रंगाने झाकत नाहीत. फ्रेमच्या तळाशी पाणी वाहायला खाचा ठेवा. बंद कप्प्यात साचलेलं पाणी आतून गंज आणतं, आणि बार्ज बाहेरून कमी, आतून जास्त गंजते.

टाक्या आणि शिवणी तपासायला आपल्याकडच्या फॅब्रिकेटरना माहीत असलेली रॉकेल-खडूची रीत इथेही चालते. एका बाजूला खडूचा लेप, दुसरीकडे रॉकेल. ओला डाग उमटला की तिथे भोक.

दोर बांधायचे खुंट पुढे, मागे आणि मध्ये, तिन्ही ठिकाणी हवेत. मधला खुंट बरेच जण विसरतात. लॉकमध्ये पाणी भरताना एकाच दोराने नौका धरायची असेल तर तोच कामाला येतो. बाजूंना बाहेर घासपट्टी द्या. मोटारीचे टायर लटकवू नका : तुटले की बुडतात आणि लॉकच्या दारात अडकतात.

रंगाचं काम एका वाक्यात : बाहेरून एसए २.५ दर्जाचं ब्लास्टिंग (कणांचा झोत मारून पत्रा जवळपास लखलखीत करणं), त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, आणि ठरलेल्या जाडीपर्यंत पुढचे हात. संध्याकाळी ब्लास्ट करून सकाळी प्रायमर लावणाऱ्याकडून काम काढून घ्या. ॲनोड, म्हणजे पोलादाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे, गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे, खाऱ्यासाठी जस्ताचे.

पायरी ७ : इंजिन, पंखा, थंडावा

दर टनाला दोन ते तीन अश्वशक्ती हा चालता हिशेब आहे. आपल्या ३२ टनांना ७० ते ९०. कालव्यात वेगमर्यादा ताशी ६ ते ८ किलोमीटर, तिथे यातली थोडीच वापरली जाते. पण रोन किंवा राईनवर प्रवाहाविरुद्ध चढायचं तर बाकीची हवी. मोठा पंखा सावकाश फिरलेला बरा, म्हणून गिअरबॉक्स ३:१ च्या जवळपासचा. पंख्याखाली तळाच्या पातळीत एक लोखंडी पट्टी असली की तो कालव्याच्या तळाला घासत नाही.

इंजिन थंड करायला कालव्याचं पाणी आत ओढू नका. शेवाळ, पानं आणि प्लॅस्टिक गाळणीत अडकून इंजिन तापतं, आणि बरोबर लॉकच्या तोंडाशी. त्याऐवजी कलेवराच्या आतून बाजूला चपटी टाकी वेल्ड करायची. इंजिनचं पाणी तिच्यात फिरून बाहेरच्या कालव्यामुळे गार होतं. दर चार अश्वशक्तीला एक चौरस फूट पृष्ठभाग धरा : ८० अश्वशक्तीला वीस चौरस फूट. ही टाकी कास्कोबरोबरच करावी लागते, नंतर सुचून उपयोग नाही. नौकेचं नाक बाजूला ढकलणाऱ्या, पुढच्या आडव्या पंख्याची नळीही तशीच. तो पंखा नंतर बसवलात तरी नळी आताच वेल्ड करून ठेवा.

पायरी ८ : आत

सगळं वेल्डिंग संपल्याशिवाय उष्णतारोधक फोम फवारायचा नाही. फोम पेटतो आणि विषारी धूर होतो. विसरलेला एक कोन जोडायला म्हणून कुणी मागून वेल्डिंगची टॉर्च पेटवली तर नौका गेली. त्यानंतर पाण्याच्या रेषेच्या वर सगळीकडे फवारा, कारण उघडं पोलाद थंडीत आतून घामेजतं. आपलं स्वयंपाकघर कुकरच्या वाफेचं आणि फोडणीचं, तेव्हा ओट्यावरचा पंखा बाहेर फेकणारा हवा. हवा तिथेच फिरवणाऱ्याने भागत नाही.

गॅसच्या टाक्या बाहेर, वरून बंद आणि तळाशी बाहेर निचरा होणाऱ्या खणात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळात साचतो. धक्क्यावरची २३० व्होल्ट वीज घेताना मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. नाहीतर शेजारच्या बोटींशी अर्थिंगच्या तारेतून जोडले जाऊन तुमचे ॲनोड, आणि मग तुमचं पोलाद, झिजत राहतं. फ्रान्सच्या लहान बंदरांत अनेकदा ६ अँपिअरच मिळतात, त्यावर गिझर आणि इंडक्शन एकत्र चालवायचं स्वप्न पाहू नका.

शौचालयाला मोठी टाकी द्या. नेदरलँड्समध्ये सहल-नौकेने मैला पाण्यात सोडायला २००९ पासून बंदी आहे. फ्रान्समध्ये टाकी उपसण्याची सोय विरळ. चारशे लिटर जास्त वाटतात, पण दोन आठवड्यांनी ते बरोबर वाटतात.

फर्निचरबद्दल मला फार सांगायचं नाही. फक्त जड वस्तू खाली आणि मध्ये ठेवा, आणि जमिनीच्या फळ्या उचलता येतील अशा बसवा.

पायरी ९ : पाण्यात उतरवणं आणि पहिला हंगाम

पाण्यात उतरल्यावर पहिला दिवस टॉर्च घेऊन तळात काढा. मग टाक्या भरून आणि रिकाम्या करून, दोन्ही वेळा पाण्यावरची उंची मोजा आणि दोन्ही आकडे सुकाणूजवळ रंगवून ठेवा. विमा, नोंदणी, आणि युरोपच्या अंतर्गत जलमार्गांच्या सेव्ह्नी नियमांच्या परीक्षेसह नौका चालवण्याचं आंतरराष्ट्रीय आयसीसी प्रमाणपत्र हे हिवाळ्यातच उरकलेलं असावं. फ्रान्समध्ये शिरायच्या आधी व्हीएनएफ या जलमार्ग संस्थेचा शुल्क-परवाना काढावा लागतो. तीच संस्था दरवर्षी दुरुस्तीसाठी बंद राहणाऱ्या कालव्यांची यादी जाहीर करते. त्याला 'शोमाज' म्हणतात, आणि बहुतेक बंदी हिवाळ्यात असते. कोरड्या उन्हाळ्यात पाण्याअभावीही कालवे बंद होतात, तेव्हा पर्यायी वाट आखलेली असू द्या.

पहिले काही आठवडे नेदरलँड्समधल्या फ्रीसलँडच्या सपाट पाण्यात वळायला, थांबायला आणि वाऱ्यात धक्क्याला लागायला शिका. मग मास नदीने वर, मास्ट्रिख्ट, लिएज, नामूर आणि दिनांवरून जिव्हेला फ्रान्समध्ये. तिथून पुढे फ्रेसिनेच्या मापाचे लॉक एकामागून एक येतात आणि हात आपोआप बसतो. रोन पहिल्या वर्षी नको. बोलेनचं लॉक वीस मीटरहून जास्त उतरतं. तिथले खुंट पाण्याबरोबर तरंगत खाली येतात, म्हणून ते दिसतं तितकं कठीण नाही. खरी अडचण नदीला पूर आल्यावर येते, कारण थांबायला जागा दूर दूर आहेत. ती वाट दुसऱ्या उन्हाळ्यात घ्या, पाणी ओसरल्यावर, आणि जमल्यास खाली जाताना. वर चढताना डिझेलचं बिल तिप्पट धरा.